बकारामजींना माहीत नव्हतं

ही हकीकत लिहायला मी पुष्कळदा बसलो आणि दर वेळी दुसरंच काहीतरी लिहून उठलो. कापसाच्या जिनाच्या आठवणी लिहिल्या, सेलूच्या बाजाराच्या लिहिल्या, त्या काळच्या गाण्याबजावण्याच्या लिहिल्या. लोकांनी त्या बऱ्या म्हटल्या. लिहिताना बकारामजींचं नाव येईल अशी जागा आली, की मी परिच्छेद संपवायचो.

मागच्या वर्षी सेलूला एका वाचनालयाच्या कार्यक्रमात मला वयोवृद्ध म्हणून पुढच्या खुर्चीवर बसवलं होतं. बकारामजींचा नातू बोलायला उभा राहिला. शिकलेला, सरकारी खात्यात चांगल्या हुद्द्यावर असलेला माणूस. तो म्हणाला, "आमच्या आजोबांनी जिनवाल्या शेटजींचं गाणं त्यांच्याच व्हरांड्यात, त्यांच्याच तोंडावर वाईट म्हणून सांगितलं. कोणाचं गाणं आहे हे माहीत असून सांगितलं!" टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

गोष्ट अशीच सांगितली जाते. शेटजींच्या घरी ती उद्धटपणाची म्हणून सांगतात, बकारामजींच्या घरी हिमतीची म्हणून. दोन्ही घरांत एक वाक्य सारखं आहे: त्याला माहीत होतं.

त्यांना माहीत नव्हतं. माहीत असल्याचं वाक्य माझं आहे. ते मी तयार केलं, आणि ते माझ्यापेक्षा जास्त जगेल अशी मला आता भीती वाटते.

त्या काळी मी त्यांना अरे-तुरे करत असे. ते माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठे होते, पण जिनात कारकून हमालाला अरेच म्हणायचा, आणि त्यांच्या वस्तीतल्या माणसाला तर गावातलं शेंबडं पोरही अरे म्हणायचं. आता लिहिताना 'बकारामजी' लिहितो. याचा त्यांना काही उपयोग नाही.

उंच, खांद्यातून थोडे वाकलेले. हंगाम सुरू झाला की त्यांच्या भुवयांवर रुईचे, सरकी काढलेल्या कापसाचे, तंतू बसायचे, ते वैशाखापर्यंत निघायचे नाहीत. त्यामुळे हिवाळ्यात ते म्हातारे दिसायचे आणि पावसाळ्यात तरुण. जिनात काम करणारी माणसं यंत्रांच्या घरघरीत ओरडून बोलायला शिकतात आणि मग घरीही तशीच बोलतात. बकारामजी हळू बोलायचे. त्यांचं ऐकायचं तर आपल्याला पुढे झुकायला लागायचं. शेटजीसुद्धा झुकायचे.

शेटजींचं एवढंच सांगतो, की त्यांनी माझ्यादेखत कधी कोणावर हात उचलला नाही, आवाजही चढवला नाही. त्यांच्याजवळ पितळी पानदान असायचं. राग आला की ते झाकण हलकेच लावायचे. टक् असा बारीक आवाज व्हायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी जिनाच्या फाटकावर हजेरी होताना त्या माणसाचं नाव पुकारलं जायचं नाही. काढलं असं कोणी म्हणत नसे. नाव आलं नाही, एवढंच. माणूस थोडा वेळ उभा राहायचा आणि निघून जायचा. नावं पुकारायचं काम माझं होतं.

म्हणून तो टक् आवाज मला अजून ऐकू येतो. घरात कोणी डब्याचं झाकण लावलं तरी मी मान वर करतो.

ग्रामोफोन आला तेव्हा मी नोकरीला नवा होतो. मोठा कर्ण्याचा ग्रामोफोन, मुंबईहून आलेला. बैलगाडीत हादरे बसतील म्हणून शेटजींनी तो स्टेशनावरून बकारामजींच्या डोक्यावर आणवला. खोक्याचे खिळे काढायला ते थांबले, आणि खिळे काढून झाल्यावर जा असं कोणी म्हटलं नाही म्हणून पायरीखाली पोत्यावर बसून राहिले. व्हरांड्यात शेटजी, वकीलसाहेब आणि हेडमास्तर. मी चावी द्यायला आणि सुई बदलायला.

पहिली रेकॉर्ड एका फार मोठ्या खाँसाहेबांची होती. आलाप सुरू झाला तशी वकीलसाहेबांची मान हलायला लागली. हेडमास्तरांनी डोळे मिटले. शेटजी एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होते आणि त्या दोघांनी वा म्हटलं की मागोमाग वा म्हणत होते. एवढ्यात बकारामजी पोत्यावरून उठून मागे बघायला लागले.

रेकॉर्ड संपल्यावर शेटजींनी विचारलं, "काय बे, काय झालं?"

"काही नाई जी."

"अरे, बोल ना. उठलास काऊन?"

"मले वाटलं, कोनी मांगून येऊन राह्यलं." मग जरा ओशाळून म्हणाले, "माहीत नाई जी, पन वाटलं असं."

सगळे हसले. वकीलसाहेब म्हणाले, "शेटजी, पुढच्या वेळी तुमच्या म्हशीलाही बोलवा." शेटजी हसले, पण नंतर मी रेकॉर्ड पुसत असताना हळूच म्हणाले, "मनोहर, सच बताऊं? माझ्याही मानेवर काटा आला होता. ते दोघं मान हलवत होते म्हणून मी बोललो नाही."

तेव्हापासून रविवारी दुपारी जिन बंद असताना बैठक भरायला लागली, आणि बकारामजींना बोलावणं जायला लागलं. नागपूरचा रेकॉर्डवाला पेटीभर रेकॉर्डी ठेवून जायचा. आवडतील त्या ठेवायच्या, बाकीच्या परत. नावाजलेल्या असायच्या सगळ्या. वकीलसाहेब आणि हेडमास्तर यांना सगळ्याच श्रेष्ठ वाटायच्या, कारण न वाटण्याची जोखीम कोण घेणार? शेटजींना पेटीभर विकत घ्यायच्या नव्हत्या. म्हणून बाजू संपली की ते पायरीकडे वळायचे. "बोल बे बकाराम. कैसा लगा?"

बकारामजींना गाण्यातलं काही कळत होतं असं मी म्हणणार नाही. नातवाच्या भाषणात ते मोठे जाणकार झालेत, तेही खरं नाही. एका प्रख्यात धृपदियांच्या रेकॉर्डला ते सरळ झोपले. सिनेमातलं एक टुकार विनोदी गाणं, ज्यात मध्येच शिंक येते, ते त्यांना इतकं आवडलं की दर रविवारी मागायचे. "थो शिंकते थे लावा ना जी." आवाज ओळखण्यात तर अगदी कच्चे. मागच्या रविवारी ऐकलेल्या गवयाला या रविवारी विचारायचे, "हा कोन नवा आहे?" पण विचारलं तर वाटलं ते सांगायचे. खोटं बोलायचं नाही असा काही त्यांचा बाणा नव्हता. गाण्याबद्दलही खोटं बोलावं लागतं, हे त्यांच्या ध्यानात आलेलं नव्हतं.

ऐकताना त्यांच्या हातात रुईचा पुंजका असायचा. जिनात व्यापारी दोन्ही अंगठ्यांच्या चिमटीत रुई ओढून तंतूची लांबी बघतात. बकारामजी गाणं चालू असताना तसेच ओढत राहायचे, ओढायचे आणि पुन्हा जुळवायचे. बाजू संपली की आधी हातातल्या रुईकडे बघायचे आणि मग बोलायचे.

एका नामांकित नटाचं पद लागलं. तानांवर ताना. बकारामजी म्हणाले, "चांगलं गाते जी. पन याचं सरते तरी हा उठत नाई. बिदागी भेटून गेली, आता जाय ना बापा."

गिरडच्या दर्ग्यावर बापाच्या खांद्यावर बसून कव्वाली ऐकलेली होती, म्हणून कव्वालीच्या रेकॉर्डला त्यांचा चेहरा उजळला. ती त्यांनी मागून घेऊन पुन्हा लावायला सांगितली. "यायच्यात एकटं कोनी नाई," म्हणाले. "एक थकला का दुसरा उचलते."

वकीलसाहेबांनी नागपूरहून कोणा साहेबाकडचा विलायती वाद्यमेळ आणला. बऱ्याच रेकॉर्डी मिळून एकच तुकडा. मी दर चार मिनिटांनी उठून बाजू पालटत होतो. हेडमास्तरांनी सांगितलं की हा समुद्र आहे, ह्या लाटा आहेत. बकारामजी म्हणाले, "समुंदर म्या पाह्यला नाई जी. मले वाटलं, लय लोक एकदम भांडून राह्यले, पन मारत कोनीच कोनाले नाई." सगळे हसत असतानाच ते पुढे म्हणाले, "मधात एक जन रडून राह्यला होता. बारीक. त्याच्याकडं कोनाचंच ध्यान नोतं."

आणि एकदा त्यांनी रेकॉर्ड बंद करायला सांगितली. एका बाईंची ठुमरी होती. ज्यांच्यासाठी लोक दूरदूरहून यायचे अशा बाई. निम्म्यात बकारामजी उभे राहिले. "बंद करा जी हे."

"काऊन? वाईट आहे?"

"नाई जी. थे बाई कोनाची वाट पाहून राह्यली, अन् तिले माहीत आहे थो येत नाई. आपन काऊन पाहावं?"

मी सुई उचलली. शेटजींनी सांगितलं म्हणून नव्हे, माझ्याच हाताने. माझ्या नोकरीच्या काळात मी न विचारता केलेली ती एकच गोष्ट. शेटजींनी पानदान पुढे ओढलं. मी झाकणाकडे बघितलं. पण त्यांनी पान लावलं आणि एक बकारामजींच्या दिशेने पायरीवर ठेवलं. ती रेकॉर्ड शेटजींनी ठेवून घेतली, आणि ती लागलेली मी पुन्हा ऐकली नाही.

मला कोणी कधी विचारलं नाही, मनोहर, तुला कसं वाटलं. विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं ते मला पक्कं ठाऊक आहे. छान आहे, असं म्हटलं असतं.

छप्पन सालच्या दसऱ्याला बकारामजी वस्तीतल्या लोकांबरोबर नागपूरला गेले आणि दीक्षा घेऊन आले. पुढच्या रविवारी ते पांढरं धुतलेलं धोतर नेसून आले आणि पोत्यावर न बसता वरच्या पायरीवर बसले. त्यांचा चहा वेगळ्या कपात यायचा, तो कप कोनाड्यात पालथा ठेवलेला असायचा. गड्याने तो भरून आणला. बकारामजी म्हणाले, "चहा नको जी." इतकंच. वकीलसाहेबांनी शेटजींकडे बघितलं. शेटजी कपाकडे बघत होते.

त्या हिवाळ्यात सगळेच एकमेकांना भीत होते. आसपासच्या एका गावात, दीक्षा घेतलेल्यांनी मेलेली ढोरं ओढायला नकार दिला म्हणून दुकानदारांनी त्यांना मीठ-रॉकेल देणं बंद केलं होतं. सेलूत तसं काही झालेलं नव्हतं, पण होईल असं प्रत्येक जण हळू आवाजात बोलायचा. फाटकावर वस्तीतली नावं पुकारताना मला वाटायचं, उद्या ही सगळी नावं असतील का?

अशातच शेटजी कापसाच्या व्यवहारासाठी मुंबईला जाऊन आले आणि येताना एक रेकॉर्ड घेऊन आले. तिच्यावरच्या नावावर कोरा कागद चिकटवलेला होता. त्यांनी मला गादीवर, त्यांच्या कचेरीच्या खोलीत, बोलावून दार लोटलं.

"माझी आहे," ते म्हणाले. "पैसे भरले की काढून देतात. भजन म्हटलंय."

शेटजी दर एकादशीला देवळात भजन म्हणायचे. गाव त्यांचा आवाज ओळखत होतं.

"कोणाला सांगायचं नाही. वकील, मास्तर ओळखतील, ओळखू दे. पण बकारामला कळता कामा नये. मला त्याच्या तोंडून ऐकायचंय." बोलताना ते पुसून झालेली रेकॉर्ड धोतराच्या सोग्याने पुन्हा पुन्हा पुसत होते. त्यांना मी घाबरलेलं प्रथमच बघितलं. एवढ्या मोठ्या माणसाला एका हमालाच्या शब्दाची भीती वाटत होती, आणि ती भीती मला स्वच्छ दिसत असूनही बकारामजींना सावध करावं हे मला सुचलं नाही.

रविवारी बकारामजी आले तेव्हा मी एकटाच कर्णा पुसत होतो. त्यांनी विचारलं, "आज काय आहे मनोहरबाबू?"

सांगायला एक श्वास पुरला असता.

"नवीन कोणीतरी आहे," मी म्हणालो.

रेकॉर्ड लागली. दुसऱ्याच ओळीला वकीलसाहेबांनी आवाज ओळखला, हे मला त्यांच्या मानेवरून कळलं. ती एकदम जोरात हलायला लागली. "वा! काय भाव आहे!" हेडमास्तर म्हणाले, "अंतःकरणातून आलेलं आहे." शेटजी जमिनीकडे बघत बसले होते.

बकारामजींनी तो आवाज आयुष्यात कधी ऐकलेला नव्हता. शेटजी गायचे देवळात, आणि देवळाच्या पायरीलाही बकारामजींचा पाय लागलेला नव्हता. लागू दिलेला नव्हता. हे व्हरांड्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं. आठवायची तयारी मात्र कोणाची नव्हती.

सुई आतल्या चरीत जाऊन खरखरली. मी ती उचलली. बकारामजींनी हातातल्या रुईकडे बघितलं.

"बोल," शेटजी म्हणाले. बे म्हणाले नाहीत.

"हा मानूस जोरात गाते जी," बकारामजी म्हणाले. नेहमीसारखं हळू. आम्ही सगळे पुढे झुकलो. "पन याच्या घरी याले कोनी थांब म्हनत नसन. याले वाटते का देव बहिरा आहे." मग नेहमीचं, "माहीत नाई जी, पन वाटलं असं."

आणि मग हेडमास्तरांच्या नाकातून हसू फुटलं. त्यांना आवरता आलं नाही. भीतीनेच फुटलं असावं. त्यांनी लगेच उपरणं तोंडाला लावलं, पण ते हसू व्हरांडाभर ऐकू गेलं होतं.

शेटजीही हसले. म्हणाले, "ठीक आहे. दुसरी लाव."

मी शिंकेचं गाणं लावलं. बकारामजी खूश झाले. ते चालू असताना टक् असा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी पहाटे, हजेरीच्या आधी, शेटजींनी मला गादीवर बोलावलं. वकीलसाहेब आधीच येऊन बसले होते. ते म्हणत होते, "शेटजी, याला माहीत नव्हतं हे शक्य नाही. दीक्षा घेऊन आल्यापासून यांच्या जिभा बघा. ठरवून केलेलं आहे."

शेटजींनी माझ्याकडे बघितलं. "मनोहर. तू त्याला सांगितलं होतंस का?"

हा प्रश्न मी आयुष्यभर उलटसुलट करून बघितला आहे. माझ्या एका शब्दावर दोन गोष्टी टांगलेल्या होत्या. मी नाही म्हटलं, तर बकारामजी निर्दोष आणि शेटजींचं गाणं खरोखरच वाईट. मी हो म्हटलं, तर गाणं चांगलं आणि बकारामजी उद्धट. शेटजींना हो हवं होतं. रात्रभर झोपलेले नव्हते ते. डोळे लाल होते. उजवा हात पानदानाच्या झाकणावर होता.

घरी वडील अंथरुणाला खिळलेले होते, बहिणीचं लग्न व्हायचं होतं, हे सगळं मी नंतर स्वतःला सांगितलं. त्या क्षणी यांतलं काहीच मनात नव्हतं. मला फक्त झाकण दिसत होतं.

"हो," मी म्हणालो. "बोलता बोलता तोंडातून गेलं."

शेटजींच्या चेहऱ्यावरून भीती उतरलेली मी बघितली. ते जवळजवळ प्रेमाने म्हणाले, "तुला नको म्हटलं होतं ना? जा. पुन्हा असं करू नको. आणि त्याचं नाव घेऊ नको."

मी फाटकावर गेलो आणि नावं पुकारली. त्यांच्या आधीचं नाव पुकारलं, त्यांच्या नंतरचं पुकारलं. माणसं आत गेली. बकारामजी उभेच होते. त्यांना वाटलं माझ्या हातून चुकलं.

"मनोहरबाबू, माझं नाव राह्यलं."

"नाव नाही तुझं."

"काऊन?"

"ते गाणं शेटजींचं होतं."

मग त्यांनी हात तोंडावर नेला. "शेटजी गातेत?"

"अरे बापा," ते म्हणाले. "मले माहीत नोतं. मनोहरबाबू, तुमी तं होते ना तेथी. तुमी सांगा ना शेटजीले. याले माहीत नोतं म्हना. ते तुमचं आयकतीन."

"सांगतो," मी म्हणालो.

ते रोज सकाळी येत राहिले. नावं संपेपर्यंत उभे राहायचे आणि माझ्याकडे बघायचे. मी म्हणायचो, अजून वेळ मिळाला नाही, आज सांगतो. ते म्हणायचे, "हो जी, तुमाले काम असते." मी त्यांचं नाव वगळून पुकारायला इतका सरावलो की अडखळेनासाच झालो. मग शेटजींच्या सांगण्यावरून वस्तीतली आणखी काही नावं गेली. वाण्याने उधारी थांबवली. वस्तीत दोन तट पडले. म्हातारे म्हणायचे, "बकाराम, तुह्या जिभेपायी आमच्या चुली इझल्या." तरुण पोरं म्हणायची, "बरं केलं काका, तोंडावर बोलले." दोघांनाही ते एकच सांगायचे, की मले माहीत नोतं. म्हाताऱ्यांना ती पळवाट वाटायची, पोरांना विनय.

शेवटी ते स्वतःच गादीवर गेले. आत काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही, शेटजींचं एक वाक्य सोडून. "मनोहरनं स्वतः सांगितलं मला."

ते बाहेर आले. माझं टेबल दाराशीच होतं. मी काट्याच्या वजनांकडे बघत बसलो. ते थांबले. आता शिव्या येतील असं मला वाटलं, याव्यात असंही वाटलं.

"तुमी भेले का गा?" त्यांनी विचारलं.

आवाजात राग नव्हता. ठुमरी ऐकून बोलले होते तसं बोलले. मी मान वर केली नाही. त्यांचे पाय थोडा वेळ तिथे दिसले, मग दिसले नाहीत.

आपण गेल्याशिवाय बाकीच्यांची नावं परत येणार नाहीत हे त्यांनी ओळखलं असावं. ते बिऱ्हाड घेऊन वर्ध्याला गेले. नावं हळूहळू परत आली. रविवारची बैठक चालू राहिली, पण आता बाजू संपली की कोणी कोणाला काही विचारत नसे. शेटजींची रेकॉर्ड दर रविवारी लागायची. सगळे वा म्हणायचे. मीही.

दोन-तीन वर्षांनी मी जिनाच्या कामाने वर्ध्याला गेलो होतो. मालधक्क्यावर बकाराम नावाचा हमाल आहे असं कळलं होतं, आणि या खेपेला सांगून टाकायचंच असं मी ठरवलं होतं. वाक्य तयार होतं. बसमध्ये ते घोकलं होतं.

ते स्टेशनासमोरच्या हॉटेलात बाकावर बसलेले होते. सगळ्यांसारख्या काचेच्या ग्लासात चहा पीत. भुवयांवर रुई नव्हती, केस मात्र पांढरे झाले होते. मला बघून त्यांनी सरकून जागा केली. "बसा मनोहरबाबू. बाबूजीले चहा द्या."

आम्ही बसलो. बोललो काहीबाही, माझे वडील गेले, त्यांचा पोरगा शाळेत जातो. हॉटेलवाल्याचा रेडिओ चालू होता. तीच कव्वाली लागली, एक थकला की दुसरा उचलतो ती. किंवा तशीच दुसरी असेल. मला धीर आला. वाटलं, इथून सुरुवात करता येईल.

"कसं वाटलं, बकारामजी?" मी विचारलं. जी मी पहिल्यांदा लावला.

त्यांनी आधी दाराकडे बघितलं. मग गल्ल्यावरच्या हॉटेलवाल्याकडे बघितलं. हातातला ग्लास खाली ठेवला.

"चांगलं आहे जी," ते म्हणाले.

त्यानंतर बाजारभाव लागले. हॉटेलवाल्याने चेष्टेने विचारलं, "काय बकाराम, हे कसं आहे?"

"चांगलं आहे जी."

"याला सगळंच चांगलं," हॉटेलवाला मला म्हणाला. "बातम्या लावा, भजन लावा. दोन वर्षांत एकाला वाईट म्हणाला नाही. गरीब माणूस आहे."

मालगाडीची शिटी झाली. ते उठले, खांद्यावर टॉवेल टाकला, माझ्या चहाचे पैसे माझ्या आधी त्यांनी दिले. दारापर्यंत गेले आणि परत आले. माझ्याशेजारी टेकले. पूर्वीसारखे इतक्या हळू बोलले की मला झुकावं लागलं.

"मनोहरबाबू, एक इचारू? त्या दिवशीचं थे गानं, शेटजीचं... तुमाले कसं वाटलं होतं?"

मला हा प्रश्न जन्मात कोणी विचारलेला नव्हता. त्यांनी विचारला, आणि उत्तरासाठी थांबले. शेटजी तिकडे सेलूला होते. हॉटेलात आमचं ऐकणारं कोणी नव्हतं. तरी मी दाराकडे बघितलं.

"बरं होतं," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली. "हो जी," म्हणाले, आणि रूळ ओलांडून धक्क्याकडे गेले. ते मला पुन्हा दिसले नाहीत.

वाईट होतं, बकारामजी. फार वाईट होतं. तुम्ही म्हणालात तसंच होतं. आणि तुम्हाला माहीत नव्हतं, तुम्ही देवळात कधी आलाच नव्हतात. मी भ्यालो होतो.